आज नाय, सेठ

कॅप्टन तारींना मी पहिल्यांदा पाहिलं ते विमान न उडवताना. जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती आणि जुहूच्या विमानतळावर सेठचं डाकोटा धुऊनपुसून उभं होतं. लढाईत माल वाहणारं हे विमान. लढाई संपल्यावर आमच्या सेठनी ते विकत घेतलं, आतले लोखंडी बाक उपटून टाकले आणि तिथे सोफा, टीपॉय, पडदे आणि पानाच्या डब्यासाठी खास कोनाडा करून घेतला. मी त्या विमानाचा इंजिनीअर. मशीन तपासायचं आणि ते उडण्याजोगं आहे म्हणून सही करायची, एवढं माझं काम. सही करून मी शिडीपाशी उभा होतो. नव्या कॅप्टनचा तो पहिला दिवस होता.

सेठ दोन पाहुण्यांना घेऊन आले. कॅप्टन शिडीच्या तळाशी उभे होते. ठेंगणे, काळे, मानेचा बुंधा जाड, गणवेश मात्र कडक इस्त्रीचा. त्यांनी सेठना नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "आज नाय, सेठ."

सेठना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ इतकं निळं होतं की डोळे दिपावेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगितलं की मशीनला काही झालेलं नाही. सेठ लालबुंद झाले आणि पाहुण्यांना घेऊन गाडीत बसून निघून गेले. माझं डोकं मात्र सणकलं. माझ्या सहीला किंमत नाही असा त्याचा अर्थ होत होता. मी तरातरा त्या माणसाकडे गेलो आणि रागाच्या भरात तोंडातून घरचीच भाषा निघाली, "कित्याक नाय? काय झाला मशीनाक?"

माणूस हसला. "खंयचो तू?"

"देवगडचो."

"मी तोंडवलीचो. मशीन बरा आसा, मेस्त्री. आभाळव बरा आसा. आमच्या बापाशीच्या पडावार अशीच चाल होती. नव्या तांडेलान पयल्या दिसा मालकाक 'नाय' म्हणूचा. मगे मालक इडो देता, नारळ देता, आणि दुसऱ्या दिसा पडाव सुटता. तांडेलाच्या तोंडाक सवय जाता आणि मालकाच्या कानाक."

तांडेल म्हणजे पडावाचा, आमच्याकडच्या शिडाच्या गलबताचा, कप्तान. त्या दिवसापासून मी त्यांचा मेस्त्री झालो आणि ते माझे दाजी झाले. दुसऱ्या दिवशी सेठ आले ते गाल फुगवूनच. "काल काय होतं, कॅप्टनसाब?" त्यांनी विचारलं. दाजी ऑफिसातली मराठी काढून म्हणाले, "काही नव्हतं सेठ. पुढे कधी असेल, तेव्हाची ही तयारी." सेठ जातीचे व्यापारी. हा माणूस काय विकतो आहे हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असावं. ते सरळ शिडी चढले. दाजींनी त्यांना इतक्या अलगद कारखान्याच्या गावी उतरवलं की टीपॉयवरचा चहा हिंदकळला नाही.

दाजींचे वडील तांडेल होते. मालवणहून मुंबईला कौलं, सुकी मासळी, आंबे घेऊन जाणाऱ्या पडावावर त्यांचा जन्म गेला. त्या वडिलांबद्दल दाजी एकच गोष्ट अभिमानाने सांगत. "बापूस माझो खाटल्यार मेलो रे, दर्यात नाय. तांडेलाक हेच्यापेक्षा मोठा काय होया?" मुलगा मालवणात शिकला, मुंबईत एका मामाच्या खटपटीने विमान चालवायला शिकला, लढाईत माल वाहिला आणि पुढे एका विमान कंपनीत लागला. सरकारने सगळ्या कंपन्या ताब्यात घेऊन एक केल्या तेव्हा तिथल्या साहेबी कारभाराला कंटाळून आमच्या सेठकडे आला. लोकांना वाटे, काय थाटाची नोकरी. सोफ्याचं विमान, श्रीमंत मालक!

थाट आम्हालाच ठाऊक. तासभर उडायचं आणि दिवसभर थांबायचं, अशी ती नोकरी. सेठ "अर्ध्या तासात येतो" म्हणून मीटिंगला जात आणि ऊन कलल्यावर उगवत. तोवर आम्ही पंखाच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचो. सावली सरकली की सतरंजी सरकवायची. लांब जाता येत नसे, पोटभर जेवता येत नसे, झोपावं तर मोटारीच्या आवाजाला दचकून उठावं लागे. सेठच्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या मुंजीचे आहेर, एक गाभण गाय सोडली तर बाकी सगळं त्या विमानातून गेलं. गायीला दाजी नाय म्हणाले. सेठच्या घरात आम्हाला कुठे बसवावं हेही कुणाला नीट ठरवता येत नसे. लग्नकार्यात डॉक्टरांच्या पंगतीत बसवावं तर जास्त होतं, ड्रायव्हरच्या पंगतीत बसवावं तर कमी. एकदा मुनीमजींनी आम्हाला ड्रायव्हरांत बसवलं. दाजी चवीने जेवले आणि म्हणाले, "हंय तरी माणसां गाडी कशी चलवतत ता बोलतत. थंय नुसतो दमो नि मूळव्याध."

परतीच्या वाटेवर, विमानात पाहुणे नसले तर, दाजींची एक लाडकी खोडी होती. मंगळूरकडून येताना गोव्यात पोर्तुगीज होते म्हणून समुद्रावरून लांबचा वळसा घालावा लागे. वळसा संपला की किनाऱ्याला लागायचं आणि तोंडवलीच्या माडांवरून जाताना विमान एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलवायचं. खाली खळ्यात, घरापुढच्या अंगणात, त्यांची बायको, आमच्या वहिनी, आणि म्हातारी आई धावत बाहेर यायच्या. आई हातात असेल ते हलवायची. एकदा तिने सूप हलवलं आणि त्यातले तांदूळ सगळ्या खळ्यात उधळले. सेठनी एकदा विचारलं होतं, "इथे रोजच कसा वारा लागतो?" दाजी म्हणाले, "मालवणचा वारा आहे सेठ. ओळखीचा आहे."

पण पावसाळ्यात हाच माणूस दगड होई. घाटावर ढग उतरले की शिडीच्या तळाशी उभा राहून म्हणे, "आज नाय, सेठ." त्यापुढे एक अक्षर नाही. सेठ चिडत, विनवत, एकदा तर त्यांनी टोपी काढून शिडीवर आपटली. दाजी ढिम्म. मी एकदा त्यांना म्हटलं, "दाजी, सेठ शिकलेलो माणूस. तेका कारण सांगल्यार समाजतला." दाजी सतरंजीवर उठून बसले.

"ह्या ध्यानात ठेव, मेस्त्री. कारण सांगलंय काय मालक कारणावांगडा झगडता. ढग आसत म्हटला तर म्हणतलो, थोडे आसत. वारो आसा म्हटला तर म्हणतलो, काल जास्त होतो. नुसता 'नाय' म्हटला काय झगडूक तेका कायच गावणा नाय. मालक विमानाचो. आभाळाक मालक नाय."

सेठ वाईट होते असं मी म्हणणार नाही. माझ्या आजारपणात त्यांनी आपला डॉक्टर पाठवला होता. पण ज्याच्या दारात विमान उभं आहे त्याला थांबणं म्हणजे अपमान वाटतो. दाजींच्या 'नाही'पुढे ते धुमसत, दोन दिवस बोलत नसत, आणि तिसऱ्या दिवशी निमूट शिडी चढत.

आमचा दुसरा पायलट लेले. नागपूरकडचा, तिशीतला, गोरा, हसतमुख. विमानावर हात असा की दाजींनाही कौतुक वाटावं. मात्र त्याचं प्रत्येक वाक्य "हो"ने सुरू होई. "हो सर." "हो सेठजी." "हो, नाही, म्हणजे बरोबर आहे." दाजी त्याला चिडवत, "लेले, तुझ्या बारशाला 'हो'चं जेवण घातलं होतं काय रे?" तो म्हणे, "हो सर." त्याला मुलगी झाली तेव्हा पेढा स्वतःच्या आईच्याही आधी दाजींना दिला. दाजींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी त्याला हाताखाली धरून सगळं शिकवलं. खराब हवेत सरळ डोंगरात शिरायचं नाही, आधी समुद्रावर जायचं, तिथे ढगाखाली उतरायचं, किनारा डोळ्यांनी पाहायचा, मग घाटाकडे वळून बघायचं. घाटाची कड दिसली तर पुढे. झाकली असेल तर उलटं फिरून समुद्रावर. लेले ते इतकं सफाईने करी की सोफ्यावरच्या सेठना कळतही नसे.

एका आषाढात दाजी तापाने फणफणले. पार्ल्याच्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते, मी उशाशी होतो. लेले धापा टाकत आला. सेठनी त्याला परस्पर बंगल्यावर बोलावून सांगितलं होतं की आज तू ने. हवा वाईट होती. लेलेच्या तोंडून तिथे "हो" निघून गेलं होतं आणि आता त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दाजी उठले, गोधडी तशीच अंगावर लपेटून खालच्या इराण्याच्या हॉटेलात गेले, फोन लावला आणि म्हणाले, "सेठ, तारी बोलतो. आज नाय." फोन ठेवून वर आले आणि पुन्हा पडले. लेलेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी दाजींचा फार अभिमान वाटला होता. 

पुढे वैद्यकीय तपासणीत दाजींचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि त्यांचं उडणं संपलं. सेठनी त्यांच्या जागी लेलेलाच कॅप्टन केलं. दाजींनी तोंडवलीला जायची तयारी केली. जायच्या आधी एक काम करायचं होतं, ते त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. लेलेच्या पहिल्या दिवशी ते स्वतः शिडीपाशी उभे राहणार होते आणि लेलेकडून सेठना "आज नाही" म्हणवून घेणार होते. चाल ती चाल. पण नेमका त्या दिवशी सेठच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त आला. हिरव्या शालूतली नवरी, तिच्या मैत्रिणी, आहेराच्या पेट्या, सनईवाला, सगळे शिडीपाशी उभे. लेले गणवेशात ताठ. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी नवरीकडे पाहिलं आणि मानेने त्याला खुणावलं, जा.

"नवरी पायरेर उभी आसताना नाय कसा म्हणूचा, मेस्त्री?" विमान उडाल्यावर ते म्हणाले. "अपशकून होतलो. पुढच्या खेपेक तेच्याकडसून म्हणवून घेतंय." पुढची खेप आली नाही. गावाहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि दाजी गेले ते गेलेच.

लेले कॅप्टन म्हणून चांगला होता हे मी आजही सांगेन. पहिला पावसाळा निभावला. सेठचं नशीब आणि लेलेचा हात, दोन्ही चांगले होते. दुसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी हँगरमधला फोन वाजला. सेठ बेळगावच्या बाजूला अडकले होते आणि त्यांना संध्याकाळी मुंबईत पोहोचायचं होतं. विमान रिकामंच न्यायचं होतं. मी शेजारी उभा राहून लेलेचं बोलणं ऐकत होतो.

"हो सेठजी. नाही, म्हणजे ढग खूप खाली आहेत... हो, काल गेलो होतो... हो, तिकडे उघडीप असेल, पण घाटावर... हो... नाही नाही, तसं नाही सेठजी... हो. बघतो."

फोन ठेवून त्याने कपाळ पुसलं. म्हणाला, "बघून येतो. नाही दिसलं तर परत फिरेन." मी म्हटलं, "कॅप्टन, राहू दे." तो कसनुसा हसला. "आता हो म्हणून बसलोय ना." माझी सही मशीनपुरती. मशीन ठणठणीत होतं. तो आणि नवा वायरलेसवाला पोरगा, दोघे चढले. विमान जुहूच्या समुद्रावरून ढगात गेलं ते माझ्या डोळ्यांनी मी शेवटचं पाहिलं.

विमान बेळगावला पोहोचलं नाही. दुसऱ्या दिवशी मला आंबोलीकडे पाठवलं. धनगरांनी डोंगरात मोठा आवाज ऐकला होता. धुकं असं होतं की एस.टी.चा कंडक्टर खाली उतरून पुढे चालत वाट दाखवत होता. गावातल्या चहाच्या टपरीपाशी मी उतरलो, आणि पाहतो तर बाकावर दाजी बसलेले. नेसूचं धोतर चिखलाने भरलेलं, पायात वहाण नव्हती. आदल्या रात्रीपासून ते तिथे होते. त्यांना तार कुणी केली नव्हती. मीही नाही.

"दाजी, तुमका कोणी सांगल्यान?"

त्यांनी वर पाहिलं. "माज्या घरावरसून गेलो तो, मेस्त्री. आवाज वळाकलंय. दर्यार ढगाखाली उतारलो, बरोबर उतारलो, मी शिकवलंय तसोच. मगे घाटाकडे वळलो. मी खळ्यात उभो रवलंय. म्हटलंय, घाट झाकलो आसा, आता परत येतलो. पावसात उभो रवलंय, ही बोलावता तरी घरात जावक नाय. परत येवकच होयो. येवकच होयो मा, मेस्त्री?"

टपरीवाला हातातली किटली तशीच धरून उभा होता.

धुकं थोडं विरळ झाल्यावर धनगरांच्या मागून आम्ही चढलो. जे पाहिलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की कड्याच्या माथ्यापासून ते फार खाली नव्हतं. सोफ्याचं एक हिरवं कापड करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. दाजी ते काढायला गेले आणि ते हातात धरून तिथेच चिखलात बसले. पावसात त्यांचा आवाज नीट येत नव्हता. मी वाकलो तेव्हा ऐकू आलं.

"तेच्या तोंडार एकदाव 'नाय' इला नाय, मेस्त्री. सगळे 'नाय' मीच म्हटलंय. तेका एकव उरवूक नाय."

चौकशी झाली. पायलटची चूक, असं ठरलं. सेठ म्हणाले, मी कुठे जबरदस्ती केली, मी म्हटलं बघा जमतं का. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी लेलेच्या बायकोकडे जाऊन हात जोडले, रडले. आणि वर्ष उलटायच्या आत नवं विमान घेतलं, आधीच्याहून वेगवान.

त्या नव्या विमानासाठी नवा पायलट ठेवला तेव्हा सेठनी मलाच तोंडवलीला धाडलं. दाजींनी येऊन महिनाभर त्याला तयार करावं, अशी इच्छा होती. दाजी खळ्यात बाजेवर पडून होते, अंगाने अर्धे झालेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेका 'नाय' म्हणाक येता?"

"म्हायत नाय, दाजी. तुमी शिकवतलास."

"माका शिकवूक येणा नाय, ता तू बघलंस." मग त्यांनी माडांकडे कूस वळवली. "सेठाक सांग, आज नाय."

मी ते तसंच सेठना सांगितलं. सेठ मान खाली घालून बसले. त्यांना ते शब्द ओळखीचे होते. मीही त्या वर्षी नोकरी सोडली आणि देवगडला आलो. घरची थोडी कलमं होती, तीच बघू लागलो. सही करून माणसं आभाळात पाठवायचं काम माझ्याच्याने पुढे झालं नाही.

दाजी पुढच्या गणपतीच्या आधी गेले. खाटल्यावरच गेले, वडिलांसारखे. तांडेलाला याहून मोठं काय हवं, असं ते म्हणत असत. मी दिवसांना गेलो होतो. माणसं पांगल्यावर वहिनींनी खळ्यात बाकडं टाकलं, माझ्या हातात चहाचा कप दिला. गोवा आता आपला झाला होता, त्यामुळे किनाऱ्यावरून मधूनमधून विमानं जात. तेव्हाही एक आलं. समुद्राकडून आवाज आला, माडांवरून गेला आणि डोंगराच्या बाजूला बारीक होत विरला. मी बोलता बोलता कधी थांबलो ते मला कळलं नाही. कप तसाच हातात होता आणि कान डोंगराकडे लागले होते.

वहिनी समोर उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"भावजी, चाय थंड होता, घेवा," त्या म्हणाल्या. "ता विमान परत येवचा नाय. तेंकाव मी ह्याच सांगी."